कानातल्या आवाजाची नक्कल

घर भाड्यानं देताना मालक लोक काय काय विचारतात. लग्न झालंय का, मटण करता का, पाहुणे किती येतात. सरांनी मला एकच गोष्ट विचारली.

"मॅडम, झोपताना तुम्ही पंखा बंद करता का?"

"थंडीत करते," मी म्हणाले.

"मंग न्हाई जमायचं," असं म्हणून ते उठलेच.

आतून त्यांची बायको पदराला हात पुसत बाहेर आली. "अहो, वरच्या खोलीतल्या पंख्याशी तुम्हाला काय करायचंय?"

"त्याचा आवाज खाली येतो. बंद झाला की लगेच कळतंय मला."

मी तेव्हा भोकरदनहून जालन्याला नवीनच आले होते. एका खाजगी कॉलेजात कंप्युटर शिकवायची नोकरी लागली होती आणि खोली शोधून शोधून पायाचे तुकडे पडले होते. बारा महिने पंखा चालू ठेवीन, असं मी कबूल केलं. सर पुन्हा खुर्चीत बसले, काकूंनी चहा टाकला आणि खोली मला मिळाली. त्यानंतरचे सगळे हिवाळे मी दोन रजया अंगावर घेऊन पंख्याखाली काढले. माझी आई फोनवर विचारायची, "तुझा आवाज असा बसका कामून येऊन राह्यला?" तिला काय सांगणार?

सर एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. मी गेले तेव्हा त्यांनी नोकरी सोडून दिली होती, निवृत्तीला बरीच वर्षं बाकी असताना. उंच, वाळके, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि मान कायम डावीकडे जराशी कललेली. लांबून कुणी आपलं नाव घेऊन हाक मारतंय आणि ते नीट ऐकू येत नाहीये, अशी ती मान असायची. पहिले काही दिवस मला वाटलं, माणूस उद्धट आहे. बोलताना आपल्याकडे बघतच नाही. नंतर कळलं, ते उजवा कान पुढे करून बोलणाऱ्याचे शब्द कसल्यातरी गोंगाटातून वेचून घेत असत. तो गोंगाट फक्त त्यांनाच ऐकू यायचा.

एके दिवशी सकाळी ते झोपेतून उठले तेव्हा कानात बारीक सूं होतं. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ जशी कुजबुजते तसं. त्यांना वाटलं स्वयंपाकघरात कुकर आहे. जाऊन बघितलं तर गॅस बंद. दुपारपर्यंत त्या सूंच्या मागून एक चिरका स्वर उगवला आणि तो मग गेलाच नाही. जालन्याचे डॉक्टर झाले, संभाजीनगरचे झाले. कानाचे फोटो निघाले. शेवटच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, हा आवाज बाहेर कुठंच नाही, तुमच्या आतच तयार होतोय, याच्यावर खात्रीचा असा इलाज नाही, सवय करून घ्या.

"सवय," सर मला म्हणायचे. "चपलेत खडा गेला तर मॅडम, माणूस चप्पल काढतो. सवय करून घेत न्हाई."

काकू म्हणायच्या, पोरांना ट्रेनिंगला घेऊन सळईच्या मिलमध्ये जायचे, तिथल्या दणदणाटानं कान गेले. गावाकडचे म्हणायचे, कुणीतरी केलंय. सर कुणाशीच वाद घालायचे नाहीत.

आता पंख्याचं कारण माझ्या लक्षात आलं. शांतता त्यांना सहन व्हायची नाही. आजूबाजूला काही ना काही चालू असलं की त्यांच्या कानातला आवाज त्यात थोडा बुडायचा. शांत झालं की तो एकटाच उरायचा. त्यामुळे ज्या आवाजांना सगळी गल्ली वैतागायची त्यांच्या मागे सर फिरायचे. आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, म्हणून टँकर यायचा. बायका घागरी घेऊन धावायच्या आणि सर नुसतेच जाऊन टँकरच्या मोटारीपाशी उभे राहायचे. मोटार बंद झाली की सगळ्यांच्या शेवटी हलायचे. दुपारी ते कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत जाऊन बसत. गिरणीवाल्यानं त्यांच्यासाठी एक स्टूल ठेवलं होतं. डोक्यावर, भुवयांवर पीठ बसलेले, डोळे मिटलेले सर तिथं बघितले की दळण घेऊन आलेल्या नव्या सुना घाबरायच्या. पोरांनी त्यांचं नाव 'पिठातले सर' ठेवलं होतं. काकूंना त्याची फार लाज वाटायची. संध्याकाळी त्यांचा शर्ट झटकताना म्हणायच्या, "शिकलेला माणूस हो. पोरांना रेडिओ कसा बनवायचा ते शिकवायचा. आता बघा."

या माणसाला गावी भाऊ होता, शेत होतं, घर होतं. पिंपळगाव रेणुकाईचं. पण तिकडून कुणी यायचं नाही आणि हे कुणी जायचे नाहीत. एकदा तूर निवडता निवडता काकूंनी मला त्याचं कारण सांगितलं.

सरांची आई अंथरुणाला खिळली होती. धाकट्या भावानं निरोप धाडला, 'दादा, आई तुझं नाव घेऊन राह्यली, जल्दी ये.' सर गेले. म्हातारीनं त्यांचा हात धरला तो सोडीना. तिच्या खाटेशेजारीच त्यांचं अंथरूण टाकलं. त्या रात्री गावची लाइट गेली. पंखा नाही, टीव्ही नाही, वारासुद्धा नाही. गाव चिडीचूप. आणि सरांच्या कानात तो आवाज मोकाट सुटला. पहाटे पहिल्या गाडीनं ते भोकरदनला आणि तिथून जालन्याला निघून आले. आईला म्हणाले, येतो परत. ते परत जायच्या आत ती गेली.

"स्मशानात भावजी सगळ्या भावकीसमोर म्हणाले," काकू सांगत होत्या, "'माय तुझी वाट बघत गेली. एक रात बसवलं न्हाई तुला तिच्यापाशी.' हे काही बोलले न्हाईत. बोलणार काय? कानात आवाज येतो म्हणून आईला सोडून आलो म्हणायचं? कुणाला खरं वाटलं असतं?"

"तुम्हाला वाटलं?" मी विचारलं.

काकूंनी तुरीतला खडा उचलला आणि बाजूला टाकला. "मला काय ऐकू येतंय त्यांच्या कानातलं?"

हे मी ऐकलं आणि काही महिन्यांनी सर जिना चढून वर आले. मी पोरांच्या वह्या तपासत होते. दारातच उभे राहून म्हणाले, "मॅडम, कंप्युटरवर आवाज बनवता येतो ना? म्हणजे रेकॉर्ड केलेला न्हाई. शून्यातून बनवलेला."

"येतो की."

"मंग मला माझा आवाज बनवायचाय."

सुरुवातीला मला वाटलं, हा त्यांचा आणखी एक छंद. पण सरांचं डोकं त्या कामाला लागलं की साफ चालायचं. मी प्रोग्रॅम लिहायची आणि ते शेजारी बसून सांगायचे. एक मूळ कंपन घ्यायचं, मग त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाची कंपनं घ्यायची, प्रत्येकाचा जोर वेगळा ठेवायचा आणि सगळी एकत्र मिसळायची. वरून नॉइज ओतायचा, म्हणजे तो रेडिओवर स्टेशन नसलं की येतो तसला खरखराट.

"आवाज कधी एकटा नसतो," ते सांगायचे. "खानदान असतंय त्याचं. बाप एक, अन् त्याच्या पटीतली लेकरं."

एकदा त्यांनी मला हेडफोन लावायला सांगितला आणि असं एक अख्खं खानदान ऐकवलं. सनईसारखा जाडसर स्वर होता. मग त्यांनी सगळ्यात खालचं मूळ कंपन काढून टाकलं आणि पुन्हा ऐकवलं. आवाज जरा पातळ झाला, पण स्वर तोच.

"बाप आहे का गेला?"

"आहे सर."

"न्हाई. मी काढला त्याला. लेकरांवरून तुमच्या कानानं आपल्या मनानंच आणून बसवला." त्यांनी हेडफोन काढून घेतला. "माझ्या कानात पण असंच कुणीतरी आणून बसवलंय. फक्त कुणी ते कळत न्हाई."

मी कंपनांचे आकडे बदलून बदलून आवाज ऐकवत जायची आणि ते मान कलती करून सांगायचे, "तिसरं जास्त झालं. खरखर कमी करा. आता जवळ आलंय." पण त्यांचा स्वतःवरच विश्वास नव्हता. कानात कायम एक आवाज चालू असलेल्या माणसानं दुसरा आवाज बरोबर ओळखला, हे कशावरून? म्हणून त्यांनी एक परीक्षा काढली. मी गुपचूप एखादा आवाज बनवायचा, नॉइजमध्ये पुरायचा आणि त्यांना द्यायचा. त्यांनी नुसतं ऐकून त्याची हुबेहूब नक्कल करायची. मग दोघांचे आकडे ताडून बघायचे.

"कंप्युटरला माहीत असतंय त्यानं काय घातलं ते," ते म्हणायचे. "तो खोटा साक्षीदार न्हाई."

नॉइज कमी असला की त्यांना बरोबर जमायचं. जास्त असला की ते पडद्यावर आलेख काढून बघायचे. त्या आलेखात खरखराट गवतासारखा पसरलेला दिसे, आणि त्यात कुठं कुठं टोकं वर आलेली. "एखादा खांब गवतात दिसत न्हाई, मॅडम. पण सारख्या सारख्या अंतरावर चार-पाच दिसले की समजायचं, इथून लाइन गेलीय." असं म्हणून ते बोटानं अंतर मोजत. त्या वेळी त्यांचा चेहरा बघण्यासारखा असे. वर्गात शिकवताना ते कसे दिसत असतील, ते मला तेव्हा कळलं.

एकदा मी त्यांना नुसताच नॉइज दिला. आत काहीही घातलं नव्हतं. फसतात का बघायचं होतं. ते दोन दिवस खाली बसून त्याच्याशी झुंजले आणि वर आले ते खूश होऊन. सापडलं, म्हणाले. लय खोल पुरलं होतं तुम्ही. मी त्यांचे आकडे बघितले. म्हणाले, "सर, यात काहीच नव्हतं."

त्यांनी त्या आकड्यांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "हे माझंच हाये. बघा, बराबर तेच." आणि जिन्यावरून हळूहळू, कठड्याला धरून खाली गेले. त्यानंतर आठवडाभर ते वर आले नाहीत.

पण त्यातूनच काम पुढं सरकलं. त्यांच्या कानातल्या आवाजाचे आकडे त्यांनी स्वतःच्या नकळत लिहून दिले होते. आम्ही तिथून सुरुवात केली आणि एका दुपारी तो आवाज तयार झाला. मी खालीच होते. सरांनी हेडफोन लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आता मला कळेना झालंय, आतला कोणता अन् बाहेरचा कोणता." मला वाटलं, चला, झालं एकदाचं. मी वर येऊन चहा ठेवला.

थोड्या वेळानं जिन्यावर धावत येणारी पावलं वाजली. सर दारात आले. हात वर केलेला, बोलू नका म्हणून. हेडफोन गळ्यात लोंबत होता. ते खोलीच्या मध्यावर आले आणि भिंतीकडे, खिडकीकडे, मग मोरीकडे बघत उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मॅडम," अगदी हळू म्हणाले, "तुमचा नळ गळतो."

"हो सर."

"कधीपासून?"

"मी आले तेव्हापासून."

ते मोरीपाशी जाऊन खाली वाकले आणि बादलीत पडणारा थेंब ऐकू लागले. हुबेहूब आवाज कानावर पडल्यावर त्यांच्या आतला आवाज थांबला होता. का थांबला, मला सांगता येत नव्हतं. मी गॅस बंद केला, चहाची खळखळसुद्धा नको म्हणून. आणि मग मी बघत असतानाच त्यांचा चेहरा उतरला. मान पुन्हा डावीकडे कलली.

"आला," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी तो आवाज किती वेळा ऐकला असेल देव जाणे. सकाळी, दुपारी, जेवता जेवता. एक-दोनदा पुन्हा आतलं थांबलं, पण आधीपेक्षाही थोडाच वेळ. मग थांबेनाच. मी वाचून बघितलं, लोकांना विचारलं. कुणाकुणाला तशी घडीभर सुटका मिळते, टिकत नाही, एवढंच कळलं. सर त्याबद्दल बोलायचे नाहीत. त्या एका दुपारपूर्वी ते दुःखी होते. नंतर ते खचले. नळ मी प्लंबरकडून दुरुस्त करून घेणार होते, त्यांनी करू दिला नाही.

मग एके दिवशी म्हणाले, "सुटका न्हाई तर न्हाई. दाखवायला तर झाला ना. भावाला ऐकवतो."

मला सुट्टीत भोकरदनला जायचंच होतं, म्हणून त्यांच्यासोबत मी पिंपळगावपर्यंत गेले. लॅपटॉप त्यांनी मांडीवर धरला होता, एसटीच्या खडखडाटात बरे वाटत होते. भावाच्या अंगणात मिरचीची पोती भरणं चालू होतं. ठसका लागत होता. भाऊ बुटके, रापलेले, दंडानं भक्कम. मोठ्या भावाला बघून त्यांनी पोतं खाली ठेवलं, पण 'ये' म्हणाले नाहीत. त्यांच्या बायकोनं पाणी आणलं.

सर म्हणाले, "आईपाशी मी का बसू शकलो न्हाई, ते तुला ऐकवायला आलोय."

भाऊंनी उपरण्यानं कान पुसले, पोत्यावर बसले आणि हेडफोन लावून घेतला. मी आवाज सुरू केला. ते डोळे मिटून, कीर्तन ऐकावं तसे मन लावून ऐकत होते. त्यांना समजून घ्यायचं होतं, हे मला आजही खात्रीनं वाटतं. मिनिटभरानं त्यांनी हेडफोन काढला. सरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"एवढंच?" ते म्हणाले.

सरांनी मान हलवली.

"दादा, अरे फवारणीचा पंप पाठीवर घेऊन आम्ही दिवसदिवस फिरतो. कानाचं पार वाटोळं होतंय. पण म्हणून काय आईला..." ते उठून पोत्याचं तोंड शिवायला लागले.

"बराबर आहे तुझं," सर म्हणाले आणि लॅपटॉप बंद केला.

बसस्टँडवर गाडीची वाट बघताना मी त्यांची समजूत घालायला लागले. त्यांनी मला थांबवलं. "त्याची चूक न्हाई, मॅडम. मिनिटभर कुणालाही चालतंय. आपल्या नकलेत एक गोष्ट घालायची राह्यली."

"काय?"

"बंद न होणं."

घरी गेल्यावर हे त्यांनी काकूंनाही सांगितलं असावं. कारण मी परत आल्यावर पुढच्याच रविवारी, सर डोळे दाखवायला संभाजीनगरला गेले असताना, काकू सकाळी माझ्याकडे मोबाइल घेऊन वर आल्या. "बाई, तो ह्यांचा आवाज याच्यात टाकून दे. अन् संपला की परत परत लागंल असं कर."

मी त्यांना तो इअरफोनवर लावून दिला. त्यांनी वायर पदराखालून घेतली, मोबाइल कमरेला खोचला, वरून डोक्यावर पदर घेतला आणि कामाला लागल्या. इतक्या दिवसांत त्यांनी तो आवाज एकदाही ऐकला नव्हता. सरांनी दोन-तीनदा विचारलं तेव्हा म्हणाल्या होत्या, "तुमचं तुमच्यापाशी राहू द्या."

मी दिवसभर वरून-खालून बघत होते. पहिला तासभर काही नाही. मग त्या भाजीवाल्याला तीनतीनदा विचारायला लागल्या. भाकरी करपली. शेजारीण गप्पा मारायला आली, तिला 'डोकं दुखतंय' म्हणून परत पाठवलं. दुपारी अंथरुणावर पडल्या, लगेच उठल्या, पुन्हा पडल्या. पाणी भरलेला तांब्या हातातून सुटला तेव्हा मी खाली धावले.

"काकू, काढा आता. बास झालं."

"ते काढतात का?" त्या माझ्यावर ओरडल्या. त्या कधी ओरडायच्या नाहीत. आपला आवाज केवढा मोठा निघाला, ते त्यांना कळलंच नव्हतं.

दिवस कलला तेव्हा त्या अंगणातल्या पायरीवर बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरलेले, जणू मोकळे सोडले तर ते आपोआप कानाकडे जातील. सर फाटक उघडून आत आले. त्यांना आधी काही दिसलं नाही, मग पदराखालची वायर दिसली. त्यांनी हातातली पिशवी खाली टाकली, काकूंच्या पुढ्यात बसले आणि आपल्या हातानं त्यांच्या दोन्ही कानांतून ते काढलं.

काकू काही वेळ नुसत्या श्वास घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "थांबलं."

सर वायर गुंडाळत होते.

"तुम्ही काढलं अन् माझं थांबलं." त्यांनी सरांच्या गालाला हात लावला. माझ्यासमोर, अंगणात. त्या पिढीतली बाई असं करत नाही. "तुमचं कोण काढणार हो?"

मी वर निघून आले. थांबण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सर लॅपटॉपवरचं आणि मोबाइलमधलं सगळं पुसून टाका म्हणाले. मी म्हणाले, "सर, एवढी मेहनत घेतलीत."

"एका घरात एकालाच पुरे," ते म्हणाले. मी त्यांच्या देखत सगळं पुसलं. ते शेवटपर्यंत उभे होते.

काकूंनी मात्र त्याच आठवड्यात दिराला फोन केला. मी तिथंच होते. दिराशी कधी न बोलणारी बाई फोनवर सरळ म्हणाली, "भावजी, तुम्ही मिनिटभर ऐकलं. मी एक दिवस ऐकलं, अन् मला विहीर जवळ करावी वाटली. यांनी इतकी वर्षं काढली. आईला सोडून हे पळाले न्हाईत. यांना तिथं कुणी मारून राह्यलं होतं अन् तुम्हाला दिसलं न्हाई, एवढंच." आणि फोन ठेवला.

भाऊ आले. येताना वांगी आणली, मिरच्या आणल्या. त्या विषयावर कुणी बोललं नाही. सर आणि ते ओसरीवर बसून पाऊसपाण्याचं बोलले. जाताना चपला घालता घालता भाऊ म्हणाले, "दादा, आईच्या तिथीला ये."

"येतो. पण रात्री थांबायला नको लावू. तिथं सगळं निजल्यावर मला..."

"मंग मी निजत न्हाई," भाऊ म्हणाले. "रातभर बोलत बसतो तुझ्यापाशी."

सर गेले. रात्री राहून आले. कसं झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुढच्या थंडीत, काही दिवसांच्या तापानं, ते गेले. तापात ते काकूंना सारखं विचारत होते, बाहेर कोण दळतंय का. गल्ली म्हणाली, सुटला बिचारा. 

दहाव्याला मी पिंपळगावला गेले. सगळं आटोपल्यावर भाऊ लिंबाखाली एकटेच बसले होते, मला बघून सरकून जागा केली. मुंडण केलेलं डोकं उन्हात पांढरं दिसत होतं. मी काही विचारलं नव्हतं. तेच बोलायला लागले.

"तिथीला आल्ता ना दादा, त्या रातीला मी बोलत राह्यलो. आधी जनावराचं बोललो, मंग विहिरीचं. मंग आईचं निघालं. ती कशी गेली, काय काय बोलली, सगळं सांगितलं त्याला. तोवर सांगितलंच न्हवतं मी. रागानं. तो नुसता ऐकत पडल्ता. पहाटच्याला माझ्यापाशी बोलायला काही उरलं न्हाई. मंग गावातल्या पोरी कुठंकुठं दिल्या, त्येच सांगत बसलो." त्यांनी जमिनीवरची काडी उचलली, मोडली. "घसा पार बसला होता. अन् दिवसभराचा शिणलेलो. डोळा लागला मॅडम माझा. बिलकुल कळलं न्हाई कधी लागला ते. जाग आली तं दादा उठून बसल्ता. माझा हात धरल्ता दोन्ही हातानं, लेकरावानी. म्हणला, 'बोल ना रे. थांबला कामून?'"

"मग?" मी विचारलं.

"मंग काय," भाऊ म्हणाले. "बोललो. उजाडोस्तोर."